कोणाचेही बाबा

मुलुंडला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक फोटोग्राफर राहतो. कुठल्याही जाहिरातीत खपतील असे तयार फोटो काढून तो वेबसाइटवर विकायला ठेवतो. प्रेरणा त्याला जिन्यातसुद्धा येते. "काका, थांबा ना, सेम असेच! 'चिंताग्रस्त मध्यमवर्गीय'!" मी खरं तर चावी शोधत असतो.

फोटोआधी घरातलं कॅलेंडर, देवाची तसबीर, भिंतीवरचा डाग, सगळं हटतं. "घर कुठलंही वाटलं पाहिजे आणि माणूस कोणाचाही," हे त्याचं कलेचं तत्त्व. एकदा त्याची बायको खरोखरच डोकं धरून बसली होती, तर हा म्हणाला, "डोकेदुखी वाटत नाहीये गं. हात जरा वर घे."

सगळ्यांत जास्त राबले ते त्याचे वडील. एकेकाळचे गिरणी कामगार, अस्सल मालवणी. पण मुलाच्या फोटोंत कधी जज्ज, कधी सुखी पेन्शनर आणि बहुतेकदा डॉक्टर. "माका ह्यातसून कायएक ऐकाक येणा नाय," ते स्टेथोस्कोप चाचपत कुरकुरायचे. "बाबा, हसा ना यार, दात दिसू देत!" हा ओरडायचा.

गेल्या महिन्यात ते वारले. भिंतीवर फोटो लागला तो पांढऱ्या कोटातला, गळ्यात स्टेथोस्कोप आणि तोंडभर हसू. साधा फोटो एकही नव्हता. भेटायला आलेल्या एक बाई हात जोडून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर होते? कधी बोलले नाहीत."

त्या गेल्यावर त्याने हार सरकवून स्टेथोस्कोप झाकला. मागे होऊन बराच वेळ फोटो पाहिला. मग मला विचारलं,

"काका, खरं सांगा. बाबा हसायचे कसे?"