हारासाठी एक फोटो
वडील गेले त्याच आठवड्यात आईने विचारलं, "तेराव्याला हार घालायला फोटो कुठला काढलायस?" मी म्हटलं, बघतो. बघतो कसलं डोंबल! चहाचा कप उचलायचंही त्राण नव्हतं अंगात.

मोबाइलमध्ये फोटो होते, पण सगळे आजारपणातले, नाकात नळी घातलेले. आईने ते हातानेच बाजूला सारले. "नळी लावलेला माणूस भिंतीवर नको. रोज सकाळी उठून तेच बघू का मी? हिंडत-फिरत होते तेव्हाचा शोध. तू एवढा फोटोग्राफर ना?"

होतो खरा. सिंगापूरला नवीन आलो तेव्हा आठवडाभर बँकेत आकडे जुळवायचे आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून भटकायचं, एवढाच उद्योग होता. सेरंगूनचा बाजार, सेम्बावांगला शिपयार्डमधून सुटलेले कामगार, बिल्डिंगखाली पत्ते कुटणारे म्हातारे. पुढे वडील निवृत्त झाले आणि आई-वडील दोघं आमच्याकडे राहायला आले. मग रविवारी वडीलही माझ्याबरोबर निघायचे.

पण त्यांचा फोटो काढणं म्हणजे वैताग. कॅमेरा दिसला की संपलंच! शर्टाचं वरचं बटण लावणार, हात मांड्यांना चिकटवणार, हनुवटी वर, श्वास रोखलेला. शाळेचा ग्रुप फोटोच जणू. आणि माझा हट्ट असा, की रस्त्यावरच्या फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. म्हणून ते दुसरीकडे वळेपर्यंत मी थांबायचो.

मुलगी आणि मी जुन्या निगेटिव्हचे डबे काढून बसलो. इथली हवा इतकी दमट, की पुष्कळशा फिल्मला बुरशी लागली होती. ती एकेक स्कॅन करत होती, मी मान मोडून लॅपटॉपकडे बघत होतो. एका फोटोत वडील हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बशीत ओतून कॉफी पिताहेत. समोर एक चिनी आजोबा, तेही बशीतूनच. आपल्यासारखा कुणीतरी भेटला म्हणून दोघंही खूश असणार. चिनी आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसतोय. वडलांचा मात्र पांढरा शर्ट आणि टक्कल.

"बाबा, सगळ्या अंकल लोकांचे फेस सो क्लिअर," मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "आजोबा ऑल बॅक ओन्ली लाह!"

खरंच होतं. मासे बघणारे वडील, बसची वाट बघणारे वडील, पिशवी घेऊन चाललेले वडील, सगळीकडे पाठमोरे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना.

शेवटी त्यांच्या इथे राहायच्या व्हिसा-पासवरचा फोटो मोठा करून बघितला. पोलिसांनी पकडून आणल्यासारखा चेहरा. म्हटलं, हाच लावू, निदान तोंड तरी दिसतंय. प्रिंट काढायला निघणार, तोच आई येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. स्क्रीनवर पिशवीवाला फोटो अजून उघडाच होता.

"हा लाव," ती म्हणाली.

"अगं आई, तोंड कुठे दिसतंय त्यात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे, अशीच चालले मी. एकदा वळून बघतील तर शपथ! तोंडाकडे बघायला सवड कुणाला होती? ही पाठ मात्र कुठल्याही बाजारात ओळखीन."

तोच मोठा करून आणला.

तेराव्याला गुरुजी आले. त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता ताम्हन मांडायला घेतलं. आलेल्या मंडळींपैकी एकदोघांनी मला बाजूला घेऊन विचारलंच. आईची इच्छा, एवढंच सांगितलं. अधिक बोलायचा कंटाळा आला होता.

मी हार घातला. तो त्यांच्या पाठीवर लोंबला. मग आई हळूहळू पुढे आली, हात जोडले, आणि शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, जरा थांबा की. येतेय ना मी."