जर्मनचा डबा

आमच्या देवपुरातले नूर महंमद पेंटर, सगळ्यांचे चाचा, स्वतःच्या सावलीलाही नाव-गाव विचारून मगच सोबत घेतात. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फ्लेक्स आले, हात रिकामे झाले, तसा त्यांना जनावरांचा नाद लागला. खरी नव्हेत, शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत शिशात ओतलेली, बोटाएवढी, हाताने रंगवलेली. गाय, मेंढी, उंट, बदक. "किरण, गायना डोळामा पांढरा ठिपका शे, देख," असं म्हणत ते मला भिंगातून दाखवायचे आणि मी हात पुढे केला की कपाट बंद करायचे. तीस वर्षांपासूनचा शेजारी मी, पण माझा काय भरवसा!

हात लावायची मुभा एकट्या रतिलालला. शाळेपासूनचा मित्र. पारोळ्याला त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान. निम्मी जनावरं त्यानेच जळगावकडचे जुने बंगले पालथे घालून आणलेली. तरी तो गेला की चाचा मोजायचे. सत्तावीस भरली की मगच जेवायचे.

मागच्या वर्षी शिरपूरला एका शाळेच्या भिंती रंगवायचं काम आलं. आठ दिवस घराबाहेर. कुणी कपाट फोडलं तर? चाचांनी सगळी जनावरं कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात भरली, झाकणाला चिकटपट्टी मारली आणि डबा माळ्यावर पोचे आलेल्या पातेल्यांमागे दडवला. बायकोला, सकीनाचाचींनाही सांगितलं नाही. आपल्याला ओळखू यावा म्हणून वर झोकदार अक्षरांत लिहिलं: जर्मन.

परतले तर डबा गायब. जनावरं गेली एवढंच ते बोलले. कुठून गेली, हे घरात कुणालाच सांगितलं नाही. चोराच्या तोंडून ते आपोआप निघेल म्हणे! त्या आठवड्यात रतिलाल सकीनाचाचींकडे चहा पिऊन गेला होता. झालं. माझ्यासमोर फोन लावला. "जनावरं परत कर." तिकडून रतिलाल म्हणाला, "नूर, मी चोर शे का?" चाचांनी फोन ठेवून दिला. मला त्यांचा संताप आला. पण खोटं कशाला बोलू, मनात मीही म्हटलं, असेलही. संशय गोचिडासारखा असतो, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो.

बाराव्या दिवशी रतिलाल दारात उभा. हातात मान वाकलेलं बदक. "पारोळाना बाजारमा, भागाबाईना मोडमा सापडनं," तो म्हणाला. चाचांनी ते हिसकावून घेतलं, पोटाखालचा शिक्का तपासला आणि विचारलं, "बाकीची सव्वीस कुठं ठेवली?"

रतिलाल उंबऱ्यावरूनच माघारी गेला.

तेवढ्यात आतून सकीनाचाची आल्या. "भागाबाई? भांडीवाली? तिलेच तर बठ्ठं जर्मन दिधं मी!" आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जुनी पातेली मोडीत देऊन त्यांनी स्टीलचा टोप घेतला होता आणि 'जर्मन' लिहिलेला जड डबाही त्या ढिगात गेला होता. "फोनवर इचारं ना मी, माळावरनं जर्मन दी टाकू का? तुम्हीच म्हणनात, दी टाक!" शिरपूरला शिडीवर उभ्या चाचांच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त पातेली होती.

त्याच संध्याकाळी मी त्यांना मोटरसायकलवर पारोळ्याला नेलं. दुकानात चाचांनी हात जोडले, लहान पोरासारखे रडले. रतिलालने चहा मागवला, आमच्यासोबत प्यायला. कप ठेवून म्हणाला, "जी सापडतीन ती किरणजोडे देसू. तू येऊ नको."

बोलल्याप्रमाणे तो अजून शोधतोय. महिन्या-दोन महिन्यांनी मी एखादी पुडी घेऊन येतो. आजवर नऊ आली. चाचा पुडी सोडून बघत नाहीत, हातात धरून बसतात. "काही म्हणे का रे तो?" असं विचारतात, आणि दर वेळी मला नाही म्हणावं लागतं.