बाईंचा उजवा गुडघा

आमच्या साइटवर सगळे त्यांना 'वरच्या बाई' म्हणायचे. जमिनीपासून बावन्न मीटरवर, टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये त्या दिवसाचे आठ-नऊ तास बसायच्या आणि मी खाली उभा राहून वॉकीवरून त्यांना सिग्नल द्यायचो. नऊ वर्षं आमची जोडी होती. त्या मला दादा म्हणायच्या, मी त्यांना बाई. त्यांना दिसत नव्हतं ते मी बघायचो आणि मी बांधलेला लोड त्या अंगणात पणती ठेवावी इतका अलगद टेकवायच्या. घरगुती बोलणं आमच्यात फारसं नव्हतं. त्यांचा नवरा चष्म्याच्या काचा घासून बसवतो आणि मुलगी शाळेत शिकते, एवढंच मला माहीत होतं.

गुडघ्याचं मला कळलं ते चुकून. एकदा मी सकाळी लवकर पोचलो, तर बाई साइट-ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीतून खाली उतरत होत्या. पायऱ्या मोजून पाच. आणि बाई उलट्या उतरत होत्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी.

मला बघून म्हणाल्या, "शिडीची सवय हो. लागलं वळण, जात नाही."

मी हसलो असतो, पण त्यांच्या उजव्या गुडघ्यावर पॅन्ट तट्ट ताणलेली दिसली. मी तिथेच बघत राहिलो, तेव्हा बाई पाण्याच्या टाकीशेजारी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

कॉलेजात त्या हँडबॉल खेळायच्या. एकविसाव्या वर्षी एका सामन्यात उडी मारली, खाली आल्या आणि पाय जागेवर राहून अंग तेवढं वळलं. आतून तुटल्याचा आवाज शेजारच्या मुलीलाही ऐकू आला म्हणे. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं आणि हाडांमधली गादीही फाटली होती. डॉक्टरांनी त्यांच्याच मांडीतून स्नायूचा दोर काढून नवं लिगामेंट बसवलं, गादीचा फाटका भाग कापून टाकला. नऊ महिने व्यायाम केला आणि बाई परत मैदानात उतरल्या. दोन वर्षं खेळल्या, मग नोकरी, लग्न, मुलगी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे त्या स्वतःही विसरून गेल्या. वीस वर्षं तो गुडघा निमूट चालला.

"आणि आता?"

"दोन वर्षं झाली. सकाळी आखडलेला असतो, संध्याकाळी आणखी सुजतो. मधूनच आत काहीतरी अडकतं, दाराच्या फटीत खडा यावा तसं. हलवलं की सुटतं."

"घरी सांगितलंत?"

"नाही. ते म्हणतील, सोड ही नोकरी. आणि दादा, तुम्हीही कुठे बोलू नका. क्रेन मी हातांनी चालवते. गुडघ्याने नाही."

त्यांच्या हातात खोट नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी मान डोलावली आणि त्या क्षणापासून माझ्या जिवाला घोर लागला.

केबिनपर्यंत जायला उभ्या खांबाच्या आतून शिडी आहे. दर सहा मीटरवर एक लोखंडी टप्पा, तिथे दम खायचा, मग पुढची शिडी. पूर्वी बाई दहा-अकरा मिनिटांत वर पोचून "बसले, दादा" म्हणायच्या. आता मला अठरा मिनिटं वाट बघावी लागायची. जेवायच्या सुट्टीत त्या खाली यायच्या नाहीत. उतरावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायच्या. मुकादम विचारायचा, "बाईंचं आज वरच जेवण का?" मी म्हणायचो, "वर हवा चांगली आहे." खोटं बोलायला माणूस किती पटकन शिकतो.

मार्चमध्ये त्यांना हॉस्पिटलमधून फोन आला. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या गुडघ्याचं हे ऑपरेशन झालं होतं, त्यांचं पुढे काय झालं याची पाहणी चालली होती. तपासणी, एक्स-रे, फॉर्म. बाई आधी नाही म्हणाल्या. मग दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून सोडाल का? यांना सांगितलं तर यांना सगळंच सांगावं लागेल."

मी सोडायला गेलो आणि नातेवाईक म्हणून आत बसलो.

फॉर्मवर प्रश्न होते. जिना उतरताना त्रास होतो का? कधीच नाही, कधी कधी, नेहमी. बाईंनी 'कधीच नाही'वर खूण केली. गुडघा सुजतो का? कधीच नाही. अडकतो का? कधीच नाही. मी घसा खाकरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पाहणी करणारी डॉक्टर तरुण होती, बाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा ती चड्डी-फ्रॉकमध्ये असणार. तिने यंत्र लावून नडगी पुढे ओढून पाहिली, एका पायावर उड्या मारायला लावल्या. डाव्या पायाने बाई टुणकन उडाल्या. उजव्या पायाने एक उडी मारली आणि भिंत धरली. मग डॉक्टरने एक्स-रे उजेडावर लावला, हातात फॉर्म घेतला आणि विचारलं, "हा फॉर्म तुम्ही भरलाय की तुमच्या कंपनीने?"

बाईंनी पॅन्ट गुडघ्याखाली ओढून घेतली.

"हे कागद तुमच्या कामावर जात नाहीत. त्यामुळे मला खरं सांगा."

बाईंनी खरं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिली आणि मग तिने पेन्सिलीने एक्स-रेवर दाखवलं. "तुमचं लिगामेंट उत्तम आहे. तेव्हाच्या डॉक्टरांनी काम चोख केलंय. पण लिगामेंट गुडघा घट्ट ठेवतं, त्याची झीज थांबवत नाही. पहिल्या मारातच आतल्या गुळगुळीत थराला धक्का बसला होता, शिवाय गादीचा तुकडा गेलेला. अशा गुडघ्यांमध्ये पंधरा-वीस वर्षांनी संधिवात दिसणं नवीन नाही. सगळ्यांचं असं होत नाही. तुमचं झालंय. त्रेचाळिसाव्या वर्षी हा साठीतला सांधा आहे."

"मग पुन्हा ऑपरेशन?"

"झिजलेला थर परत आणणारं ऑपरेशन माझ्याकडे नाही. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन वाढू देऊ नका, चढउतार कमी करा. पण मला काळजी याची आहे." तिने पेन्सिलीचं टोक एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. "हा सुटा तुकडा आहे. आत फिरतोय. नको तिथे अडकला तर गुडघा सरळ होणार नाही. अशा वेळी जोर लावू नका. बसा, पाय सैल सोडा, हळूहळू हलवा. हा तुकडा दुर्बिणीतून काढता येईल. लवकर काढा. तुम्ही काम काय करता?"

बाई म्हणाल्या, "बैठं काम."

तेही खोटं नव्हतं.

परतताना मी स्कूटर बाजूला घेतली. म्हटलं, "बाई, मुकादमाला सांगा. नाहीतर मी सांगतो."

"हा स्लॅब होऊ दे. पंधरा दिवस. मग तुकडा काढून घेते, कुणाला कळायचंही नाही."

मी पंधरा दिवस दिले. ती माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

अकराव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, वारा उठला. आधी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या उडाल्या, मग वरच्या वारामापकाची घंटी वाजायला लागली. हूकवर लोखंडी सळ्यांचा भारा होता आणि तो डुलत होता. बाईंचा आवाज मात्र ठाम होता. "दादा, माणसं बाजूला घ्या. मी टेकवते." माणसं बाजूला घेतली. भारा दोनदा जागेवरून निसटला, तिसऱ्यांदा टेकला. मी साखळी सोडली. बाईंनी हूक वर घेतला, क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा केला आणि म्हणाल्या, "उतरते."

मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं, बारा मिनिटं. खांब कण्हत होता, क्रेनचा हात आपोआप वळत होता. मग वॉकी खरखरली.

"दादा. अडकला."

"हूक?"

"पाय."

दोन टप्प्यांच्या मधल्या शिडीवर, जमिनीपासून तेहतीस मीटरवर, बाई डाव्या पायावर उभ्या होत्या. उजवा गुडघा दुमडलेला, हलत नव्हता. सेफ्टी बेल्टचा हूक त्यांनी शिडीला लावला होता, तेवढं शहाणपण जागेवर होतं. मी बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला. पण विचार करायला वेळ नव्हता. मी चढलो. पाचव्या टप्प्यावर पोचेपर्यंत छाती भात्यासारखी चालली होती. वर त्यांच्या बुटांचे तळवे दिसत होते. डावा पाय थरथरत होता.

"किती वेळ उभ्या राहाल?"

"नाही राहू शकत फार."

मी शिडीवर चढून त्यांच्या खाली आलो आणि खांदा त्यांच्या मांडीखाली घातला. "भार द्या माझ्यावर. लाजू नका."

"तुमचा खांदा मोडेल."

"मोडला तर दोघं मिळून सुट्टी घेऊ."

एक पायरी. बेल्टचा हूक काढायचा, खाली लावायचा. पुढची पायरी. अशा नऊ पायऱ्या. प्रत्येक वेळी हूक निघाला की मधला तो एक श्वास माझ्या खांद्याखेरीज त्यांना कशाचाच आधार नव्हता. वारा आला की आम्ही दोघं शिडीला चिकटून थांबायचो. टप्प्यावर पोचलो तेव्हा माझे हात उघडत नव्हते.

बाई जाळीवर बसल्या. पाय सैल सोडला, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी नडगी धरून बारीक-बारीक हलवू लागल्या. खांब आमच्यासकट डुलत होता. तेवढ्यात वॉकीवर मुकादमाचा आवाज आला. "काय चाललंय वर? बोला कुणीतरी."

मी बटण दाबलं. "साहेब, बाईंना जरा चक्कर..."

बाईंनी माझ्या हातातून वॉकी काढून घेतली. "चक्कर नाही, साहेब. माझा गुडघा अडकलाय. दोन वर्षं त्रास आहे. मी लपवलं होतं. दादांना माहीत होतं, पण मीच त्यांना बोलू दिलं नाही."

मग मुकादम म्हणाला, "आधी खाली या दोघं. सावकाश."

वीस मिनिटांनी तुकडा आतून सरकला. तो सरकलेला मलाही कळला, कारण बाईंचा चेहरा एकदम सैलावला. पाय सरळ झाला. मग आम्ही उतरलो.

त्या दिवसानंतर बाई त्या क्रेनवर चढल्या नाहीत. मला सिग्नलवरून काढून दोन महिने गोदामात बसवलं. मला ते कमीच वाटलं. पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून तुकडा काढला. बाई चार महिने घरी होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या नवऱ्याने दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, "तुम्हाला सांगितलं. मला का नाही?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. बाई आतून म्हणाल्या, "त्यांना नका विचारू, मला विचारा." तो म्हणाला, "तुलाही विचारणार आहे." मी चहा न घेताच निघालो.

आता कंपनीच्या यार्डात एक बुटकी क्रेन आहे, जमिनीवर उभं राहून रिमोटने चालवायची. ती बाई चालवतात आणि नव्या ऑपरेटरांना शिकवतात. पहिले सहा महिने त्यांना ते काम अजिबात आवडलं नाही. "खेळणं दिलंय हातात," म्हणायच्या. मग शिकणाऱ्यांमध्ये दोन बायका आल्या आणि बाई रुळल्या. रोज सकाळी अर्धा तास रबरी पट्टा बांधून मांडीचे व्यायाम करतात. सूज कमी आहे, जिना सरळ उतरतात, पण कठडा धरून. जमिनीवर मांडी घालता येत नाही. डॉक्टर म्हणते, पन्नाशी-साठीत कधीतरी सांधा बदलावा लागेल, तोवर जितकं ढकलता येईल तितकं ढकलू.

मागच्या आठवड्यात मी यार्डात गेलो होतो. बाई एका नव्या मुलीला ओरडत होत्या, कारण तिने लोड बांधल्यावर गाठ पुन्हा तपासली नव्हती. मुलगी म्हणाली, "मॅडम, घट्टच होती." बाई म्हणाल्या, "बघितलीस का? नाही ना? मग सोड आणि पुन्हा बांध." मुलीने गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.