टिकली लावलेली कुलपं

कुलूप बनवायला आम्हाला एक रविवार पुरतो. त्याचे किस्से मात्र पुढे महिनोन् महिने चालतात.

इंदूरच्या राजेंद्र नगरात कांबळेजींच्या मागच्या वऱ्हांड्यात आम्ही तिघं जमतो. कांबळेजी महूच्या फौजी घरातले; स्वतः पंपाच्या मोटारी दुरुस्त करता करता रिटायर झाले. दुसरा शिरीष भिया, म्हणजे इथल्या बोलीत भाऊ, बँकेतला. तिसरी मी, शाळेत फिजिक्स शिकवते. आमचं कुलूप एकदम सिंपल. लोखंडाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळायची आणि बॅटरी जोडायची. करंट असेपर्यंत ते पेटीच्या झाकणाची लोखंडी पट्टी धरून ठेवतं. टायमरनं करंट तोडला की स्प्रिंग झाकण उडवते.

पहिलं कुलूप वेळ संपली तरी सुटेना. "लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं," मी समजावलं. वीस वर्षं वर्गात हेच सांगत आलेय, पण उपाय सुचेना. कांबळेजींच्या पत्नी विमलताई चहा घेऊन आल्या होत्या. "मग मध्ये काहीतरी चिकटवा ना," असं म्हणून त्यांनी कपाळावरची टिकली काढून पट्टीवर लावली. पुढच्या खेपेला टक् आवाज झाला आणि झाकण उघडलं.

तेव्हापासून सामान आणायला गेलं की टिकलीचं पाकीटही येतं. दुकानदारानं एकदा शिरीषला विचारलं, "भिया, भाभीजी के लिए?"

"नहीं, ताले के लिए," शिरीष म्हणाला.

डॉक्टरांनी शिरीषची सेव, म्हणजे तिखट शेव, कमी करायला सांगितली. इंदूरच्या माणसाला हे सांगणं सोपं, त्यानं ऐकणं कठीण. म्हणून त्याच्यासाठी सेवची पेटी केली, दिवसातून एकदा उघडणारी. तिसऱ्याच दिवशी पेटी रिकामी आणि कुलूप जसंच्या तसं बंद. शिरीषनं मागच्या बिजागरीचे चार स्क्रू काढले होते.

कांबळेजींनी पेटी उलटसुलट करून पाहिली. "कुलूप पास आहे," ते म्हणाले. "शिरीष भिया फेल."

पण कांबळेजींचीही फजिती झालीच. टीव्हीवरच्या बातम्यांपासून सुटका म्हणून त्यांनी रिमोट पेटीत ठेवला. चाळीस मिनिटं लावायची होती, लागले चार तास. रिमोटबरोबर चष्माही आत गेला. बॅटरी काढावी, तर तीही आतच बसवलेली. पेटी तोडायला ते तयार होईनात. "स्वतःचं काम स्वतःच्या हातानं नाही तोडणार," म्हणाले.

संध्याकाळी मी विमलताईंना विचारलं, "खूप बोअर झाले का हो?"

"ते कशाला बोअर होतील," विमलताई म्हणाल्या. "पोरीच्या लग्नानंतर पहिल्यांदा चार तास बसून बोलले. पुढच्या रविवारी पाच लावा."

आता कांबळेजींच्या तंबाखूचं. चाळीस वर्षांची सवय. खोकला वाढला तेव्हा त्यांनी स्वतःच डबी कुलपात घातली. स्कूटरची बॅटरी जोडून चोवीस तास लावले. रोज संध्याकाळी सहाला पेटी उघडायची, ते एक चिमूट घ्यायचे आणि पुन्हा बंद करायचे. सुरुवातीला साडेपाचपासूनच पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचे. पुढे पुढे पेटी उघडली तरी डबीला हात लावेनासे झाले. बॅटरी बदलायची, टायमर लावायचा आणि झाकण दाबायचं, एवढंच.

एका रविवारी ते शेजाऱ्याच्या पंपाची मोटर बघायला गेले होते, म्हणून सहाला बॅटरी मी बदलली. डबी हातात घेतली तर हलकी लागली. उघडून बघितली. आत तंबाखूचा कण नव्हता. घासून पुसून लख्ख.

दारात विमलताई उभ्या होत्या. "तंबाखू मी फेकली," त्या हळूच म्हणाल्या. "महिना झाला. त्यांना कळलं तर नवी आणतील. सांगू नकोस, माझी शपथ आहे."

मी मान डोलावली आणि झाकण लावलं.

थोड्या वेळानं निघाले. कांबळेजी फाटकाशीच भेटले. हात पुसत त्यांनी विचारलं, "बॅटरी बदलली ना, मॅडम?"

"हो, बदलली."

त्यांनी आवाज खाली आणला. "डबी उचललीत?"

मी फाटकाची कडी लावू लागले.

"ती रिकामी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," कांबळेजी म्हणाले. "विमलला सांगू नका."