वाचणारी आणि सांगणारी

आवडाबाई पोथी वाचायला बसली की देवळाबाहेरून जाणारी माणसंसुद्धा चपला काढून आत यायची. सिल्लोडजवळचं तिचं माहेर. श्रावणात तिथं महिनाभर पोथी लागायची आणि आवडा सातवीत गेल्यापासून वाचायचं काम तिच्याकडेच आलं होतं. आवाज खणखणीत, एकेक अक्षर सुटं, चालीवर वाचणं. ओवी संपली की ती थांबे. मग शेजारी बसलेले रामकिसनकाका घसा साफ करून त्या ओवीचा अर्थ सांगत. वाचणाऱ्यानं वाचायचं आणि सांगणाऱ्यानं सांगायचं, अशी गावाची रीत होती. वाचताना अक्षर गाळलं तर पाप, आणि अर्थ सांगायच्या कामात वाचणाऱ्यानं तोंड घातलं तर आगाऊपणा.

नववीतच तिचं लग्न झालं. पुढे शेतात काही राहिलं नाही तेव्हा नवरा फकिरा तिला घेऊन शहरात आला. चिकलठाण्याच्या बाजूला माळरानं मोडून इमारती उभ्या राहत होत्या, तिथं त्याला सेंट्रिंगचं काम मिळालं. पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आवडाबाई पद्मजाताईंच्या बालवाडीत कामाला लागली.

पद्मजाताई कोर्टातून निवृत्त झालेल्या. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी बालवाडी काढली होती. तिथं शिकवणारीला मुलं ‘बाई’ म्हणत आणि नाक पुसणारीला ‘मावशी’. आवडाबाई मावशी होती. मुलं तिच्याच मांडीवर झोपायची, तिच्याकडूनच गोष्ट ऐकायची. पण हजेरी घ्यायला, फळ्यावर लिहायला बाई लागायची, आणि बाई व्हायला निदान दहावी पास असायला हवं, असा ताईंचा नियम होता. त्यांनीच तिच्याकडून बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. आवडाबाईनं घरी, बालवाडीत, मुलं झोपल्यावर, जमेल तसा अभ्यास केला. निकाल लागला तेव्हा बाकी सगळे विषय निघाले होते आणि राहिलं होतं एकटं मराठी.

“मराठी?” ताईंचा विश्वास बसेना. “इतकं छान वाचतेस तू.”

“पेपर पुराच झाला नाय, ताई. पैला उतारा वाचण्यातच टाइम गेला. ते मास्तर दोनदा येऊन म्हणले, बाई, मनात वाचा. मनात कसं वाचायचं?”

तेव्हा ताईंनी हसण्यावारी नेलं. पण पावसाळा कोरडाच गेला, दिवाळीनंतर नळ आठवड्यातून एकदा येऊ लागला, आणि मार्चचा पेपर जवळ आला तशी ताईंनाही काळजी वाटू लागली. पुढच्या जूनपासून बालवाडीचा दुसरा वर्ग सुरू करायचा होता. तिथं आवडाबाई उभी राहणार की बाहेरून कोणी आणायचं, हे या एका पेपरावर ठरणार होतं.

एका सकाळी ताई चहा घेता घेता वर्तमानपत्र वाचत होत्या. आवडाबाई सतरंज्या झटकत होती. ताईंनी पान उलटलं, थोड्या वेळानं आणखी एक उलटलं, आणि कप खाली ठेवताना पेपरही घडी करून ठेवला.

“झाला वाचून?”

“झाला.”

“ताई, तुमी वाचत नव्हता. नुसतं बघत होता. तोंड कुठं हललं तुमचं?”

“विचार मग काहीही.”

आवडाबाईनं सतरंजी टाकली, पेपर उघडला, बोट ठेवून एक बातमी हुडकली. “जायकवाडीचं काय म्हणतेत?” ताईंनी सांगितलं. “हे दुसऱ्या पानावरचं, कोपऱ्यातलं?” तेही सांगितलं. बैलाच्या बाजाराची एक बारकी बातमी होती, ती तर ताईंनी खाटिकांच्या म्हणण्यासकट सांगितली. आवडाबाई हळूच खाली बसली. देवळात समईपुढे बसावं तशी ती त्या घडी घातलेल्या पेपरासमोर बसली होती. एवढी सगळी माणसं, एवढं सगळं बोलणं, एका कप चहात, आवाजाशिवाय या बाईच्या आत गेलं होतं. गेलं कुठून? ती ताईंच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

“आता तू,” म्हणत ताईंनी कपाटातून मुलांच्या मासिकाचा एक जुना अंक काढून दिला. आवडाबाईनं मान ताठ केली आणि वाचलं. चाल लागली. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण जिन्यात येऊन ऐकत उभी राहिली. परिच्छेद संपला.

“छान. काय झालं यात?”

आवडाबाईनं दाराकडे पाहिलं. जणू तिथून कोणी येणार होतं.

“काय झालं गं गोष्टीत?”

“ते… अर्थ रामकिसनकाका सांगायचे, ताई.”

ताई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. ही चेष्टा करत नव्हती. कोर्टात आयुष्यभर कागद चाळणाऱ्या ताईंना हे कधी सुचलंच नव्हतं, की एखादीला वाचणं आणि समजणं ही दोन माणसांची दोन कामं वाटत असतील.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. ओठ हलू नयेत म्हणून ताईंनी तिला दाताखाली लवंग धरायला लावली. वाचलेल्या ओळीवर पोस्टकार्ड सरकवत जायचं, म्हणजे मागे फिरून बघायची सोय नाही. बोट ठेवायचं नाही. आवडाबाईनं सगळं केलं, आणि वेग आला. पण तो वेग उतारावर सुटलेल्या सायकलसारखा होता. पान संपायचं, हाती काही नाही.

“काय वाचलंस?”

“लवंग तिखट होती.”

“आवडे!”

“खोटं कशाला बोलू? अक्षरं गेली पळत. मी बघितली जाताना.”

ताईंनी पोस्टकार्ड बाजूला ठेवलं. जरा विचार करून त्या म्हणाल्या, “तुझे ते काका. वाचन चालू असताना ते काय करत?”

“ऐकत. डोळे मिटून.”

“सगळं?”

आवडाबाई आठवू लागली. काका सगळं काही धरून ठेवत नसत. कोण आलं, काय म्हणालं, मग काय बिघडलं, एवढंच ते उचलत. बाकीचं वाहू देत. कितीदा तरी ती मनात म्हणाली होती, एवढी लांब ओवी मी वाचली आणि काकांनी दोन वाक्यांत आटपली.

“मग आता तूच काका हो,” ताई म्हणाल्या. “वाचणारीला पळू दे. तू डोळे मिटून बसलेल्या काकांसारखी ऐक. अन् परिच्छेद झाला की कुणाला तरी सांग.”

“अक्षर सुटलं तर?”

“सुटू दे. ही पोथी नाही.”

सांगायला कोण? फकिराच होता. रात्रीच्या भाकरीला ती त्याला पाठातली गोष्ट सांगायची. तो घास मोडत म्हणायचा, “मंग?” त्याच्या त्या ‘मंग’नं तिची फजिती व्हायची, कारण पुढचं आठवायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी ती वाचताना आधीच मनात म्हणायची, मंग? आणि डोळे आपोआप पुढे, त्याचं उत्तर असेल तिथं धावायचे.

फेब्रुवारीत नळ पार आटले. कॉलनीत टँकर यायचा, त्याची वेळ ठरलेली नसायची. बाया दुपारपासून ड्रम लावून बसत. आवडाबाई आपल्या निळ्या ड्रमाच्या सावलीत मासिक घेऊन बसे. आजूबाजूला भांडणं, पोरांची रडारड. मोठ्यानं वाचायची सोयच नव्हती.

एका दुपारी तिनं जी गोष्ट काढली ती कोकणातल्या एका तरीवाल्याची, होडीतून माणसं पलीकडे नेणाऱ्याची होती. खाडीला भरती चढलेली, वारा सुटलेला, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील हलवतंय. जावं की नाही? आवडाबाईनं मनात म्हटलं, मंग? तरीवाल्यानं दोर सोडला. मंग? पाणी काठावरून आत आलं. मंग? नंतर ‘मंग’ही राहिलं नाही. आवाज नव्हता, अक्षरं नव्हती. तिनं जन्मात खाडी पाहिली नव्हती, पण पायाखालची फळी हलत होती आणि तोंडावर खारट पाणी उडत होतं. पलीकडच्या काठावर म्हातारी होती, शेळी पोटाशी धरून. शेळीसकट तिला होडीत घेतलं तेव्हा आवडाबाईनं श्वास सोडला आणि मान वर केली.

गल्ली रिकामी होती. जमिनीवर ओला पट्टा राहिला होता, तोही वाळत आलेला.

“ओ आवडाबाई,” शेजारची गोजरबाई भरलेली कळशी कमरेवर सावरत म्हणाली, “हाका मारून घसा बसला माझा. टँकर आला, भरला, गेला. तुमी डोळे उघडे ठेवून झोपता का काय?”

टँकरचा भोंगा, बायांचा गलका, पाइपची ओढाओढ, सगळं आवडाबाईपासून दोन हातांवर झालं होतं आणि तिच्या कानावर काहीच आलं नव्हतं. तिनं पानं मागे उलटून पाहिली. पुष्कळ पानं होती. एवढी? तिनं ती पुन्हा चाचपली, कुणी दुसऱ्यानं वाचून ठेवल्यासारखी. आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत गोष्ट तिच्या मनात सलग उभी राहिली, शेळीच्या गळ्यातल्या दोरीसकट.

फकिरा कामावरून आला. सिमेंटनं भरलेले हात धुवायला मोरीत गेला. “पाणी कुठंय गं?”

“नाय भरलं.”

“टँकर नाय आला?”

“आलता.” मग तिनं सगळं सांगितलं. आधी टँकरचं, मग तरीवाल्याचं, थांबता येईना. फकिरा उंबऱ्यात बसून तसल्याच हातांनी ऐकत राहिला. एकदाही त्याला ‘मंग’ म्हणावं लागलं नाही. शेवटी तो म्हणाला, “गोष्टीत तरी होतं का पाणी?”

“लई.”

“मंग ठीक हाय,” म्हणत तो गोजरबाईकडे एक कळशी मागायला उठला.

मार्चच्या पेपरात उतारा आला तो मधमाश्यांवरचा होता. आवडाबाईनं लवंग नेली होती, ती पदराच्या गाठीतच राहिली. पर्यवेक्षक तिच्या बाकाजवळून दोनदा गेले आणि काही बोलले नाहीत. पेपर लिहून झाला तेव्हा घंटेला अवकाश होता. मग तिनं तोच उतारा पुन्हा काढला आणि मनातल्या मनात, चालीवर, एकेक अक्षर सुटं करत वाचला. घाई नव्हती, म्हणून.

जूनमध्ये दुसरा वर्ग सुरू झाला. आवडाबाई खुर्चीवर बसली नाही. मुलांसमोर सतरंजीवरच बसली. तरीवाल्याची गोष्ट काढली आणि मोठ्यानं वाचू लागली, ती पोथीच्याच संथ आवाजात. पहिला परिच्छेद संपला. सवयीनं ती थांबली आणि तिनं दाराकडे पाहिलं. दारात पद्मजाताई उभ्या होत्या.

“मंग, बाई?” समोरची एक चिमुरडी म्हणाली.

आवडाबाईनं अंक मांडीवर पालथा ठेवला, घसा साफ केला आणि सांगायला लागली.