शून्य टक्के

प्रबंधाच्या शेवटी चोरी तपासल्याचा दाखला बांधावा लागतो. आमच्या गावी अभ्यासाला आलेल्या ताईंच्या दाखल्यावर ‘उचललेला मजकूर शून्य टक्के’ होतं. सातवीत शाळा सुटली तरी बाइंडिंग करता करता मी वाचतो. प्रबंध रानभाज्यांचा. ‘कुरडू कोवळी आहे तोवर खुडावी, फुलली की रुसते.’ माझा हात थांबला. हे आईचं बोलणं, शब्दाला शब्द! गावी चार दिवस तिनं ताईंना रानात फिरवलं होतं. ऋणनिर्देशात तिचं नाव नाही. चोरी तपासणाऱ्या मशीनला छापलेलंच ओळखू येतं. आई कुठं छापलीय?

बोलू कसा? शहरात हे काम ताईंनीच लावून दिलं.

फोनवर आईनं विचारलं, “माझं नाव आलं का रे?”

“आलं गं,” म्हणालो, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ताईंचं नाव उमटवलं.