भावोजींचा अनवाणी पाय

तंजावरचं राज्य खालसा झालं ही गोष्ट साऱ्या मुलखाने मान्य केली, एका माझ्या भावोजींना सोडून. थोरल्या बहिणीच्या यजमानांपुढे आवाज चढवायचा नाही हा आमच्या घरचा शिरस्ता. तो मी एकदाच मोडला, आणि त्या वेळचा राग आजवर सांभाळून आहे. त्यांचे आजोबा सरकारवाड्यात फर्राश होते, म्हणजे दरबारचे गालिचे अंथरणारे. राजा गेला, दरबार गेला, गालिचे लिलावात गेले. भावोजी मात्र कुंभकोणात राहून ती नोकरी करतच राहिले.

लग्नाचा जमखाना असो, भजनाची सतरंजी असो, की ताईने दुपारी पाठ टेकायला पसरलेली चटई असो, हात यांचाच लागायचा. अंथरून झालं की डोळे मिटून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि मग अंथरणाकडे पाठ न करता मागे मागे सरत उतरायचं, ही आजोबांची शिकवण. दारासुरमला एका रेशीमवाल्याकडच्या लग्नात ते असे चालता चालता मधेच थांबले, जमखाना उचलायला लावला आणि खालून अक्षतेचा एक दाणा काढून वधूपित्याच्या हातावर ठेवला. मुहूर्त टळायला आलेला, भटजी घाम पुसताहेत, यांना त्याचं काही नाही. मग मागे सरत उतरताना केळीच्या पानांच्या भाऱ्यावर बसले. अर्ध्या पंगतीची पानं फाटली, पण जमखान्याला पाठ दाखवली नाही.

मी काथ्याचे दोर डोक्यावर घेऊन स्वामीमलैपर्यंत पायी हिंडलेला माणूस. मला अशी ऐट परवडणारी नव्हती. दुकान मी भांडून उभं केलं. म्हणून विलायतेचा क्रिकेटसंघ मद्रासेस खेळायला येणार हे कळलं तेव्हा मला खेळ दिसला नाही, चटई दिसली. तिथे त्या वेळी खेळपट्टीवर काथ्याची लांब चटई ताणून, खिळे ठोकून बसवत आणि चेंडू तिच्यावर टप्पा घेई. कलेक्टरच्या मंडपात भावोजींचं काम पाहिलेल्या एका साहेबाने चटई बसवायला त्यांनाच नेमलं होतं. माझी चटई एकदा तिथे पसरली, की इलाख्यातल्या प्रत्येक क्लबात माझाच माल. मी मलबारच्या विणकराशी तीन दिवस घासाघीस करून भाव पाडला, कोरी चटई विणून घेतली, साहेबाकडून पसंत करवली आणि स्वतः मद्रासेस नेली.

सकाळी मैदानावर भावोजींनी पाच गड्यांकडून ती ताणवली, डोळे मिटले आणि चालू लागले. पल्याडच्या टोकापासून चार पावलांवर त्यांचा पाय थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे तमिळीत ‘बरं’ म्हणतात तसं हळूच म्हणाले, "सरि. गुंडाळ."

साहेब आला. पसंत केलेला माल का काढता, असं त्याने दुभाष्याकरवी विचारलं. भावोजींनी हात जोडले. "माझा हात जुन्या चटईला बसलेला आहे. नवी मला जमायची नाही." साहेब सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते बोलला, आणि पुढल्या खेळाला दुसरा माणूस पाहा म्हणून कारकुनाला सांगून गेला. भावोजींनी क्लबाची जुनी विटकी चटई बसवली आणि मागे मागे सरत मैदानाबाहेर आले. गोरे खेळाडू पाहून हसत होते.

सामना त्यांनी पाहिलाच नाही. नोकरमाणसांना बसायला तंबूमागे जागा होती आणि मधे कनात होती. टाळ्या पलीकडे पडायच्या, हे अलीकडे मान खाली घालून चेंडूचा टप्पा ऐकायचे. आवाज ढिला वाटला तर जेवणाच्या सुट्टीत कुठला खिळा आवळायचा, तेवढं शेजारच्या गड्याला सांगायचे. मी गुंडाळलेल्या चटईवर बसून धुमसत होतो. शेवटी उठलोच. म्हटलं, "भावोजी, सरकारवाडा पडून जमाना झाला. घरच्या माणसाचं पोट मारायला तुमचे पाय तेवढे शिल्लक राहिले."

भावोजींनी आधी पुढचा टप्पा ऐकून घेतला. मग म्हणाले, "जोड कुठें आहे तें तुला ठाऊक, मला ठाऊक. तिथें चेंडू उसळला तर कोणाचा तरी डोळा जाईल. पाहुणा आपल्या अंथरणावर उभा आहे, बाबा. साहेबाला कशाला सांगायचें? तुला दुकान चालवायचें आहे."

जोड मला ठाऊक होता. मी भाव इतका पाडला होता, की विणकराने उरलासुरला तुकडा जोडून लांबी भरली होती. आतून असा बेमालूम सांधला होता, की मीसुद्धा तो उलटी बाजू पाहिल्यावरच ओळखला होता. आणि तरी चटई गाडीत चढवली होती.

त्यानंतर त्यांना मद्रासेहून बोलावणं आलं नाही. ते कुंभकोणात लग्नांचे जमखाने अंथरत राहिले, आणि मी वर्षभर ताईकडे गेलो नाही. आता भावोजी नाहीत. जगापुढे खोटं बोलून त्यांनी माझं नाव राखलं आणि त्याबद्दल मला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही, हा माझा राग अजून आहे.

दुकानात नवी चटई आली की मी वहाणा काढतो, डोळे मिटतो आणि तिच्यावरून चालतो. गिऱ्हाइकं हसतात. कधी पाय अडतो. मग विणकराशी मनसोक्त भांडून झाल्यावर, त्यांच्याच आवाजात म्हणतो, "सरि. गुंडाळ." आणि उतरताना पाठ फिरवायला मन होत नाही.